जांभळ्या फांदीवरचे घुबड

मला ओळखणारे लोक सांगतील की या माणसाला राग येत नाही. ते खरे नाही. राग येतो, पण तो येईपर्यंत ज्याच्यावर यायला हवा तो माणूस जिना उतरून गेलेला असतो, आणि खोलीत मी एकटाच उरतो. एका घुबडाच्या चित्रावरून आलेला असाच एक राग सुमारे तीस वर्षे माझ्याजवळ आहे. वयाबरोबर तो निवळेल असे वाटले होते. निवळला नाही. उलट पन्नाशी ओलांडल्यावर तो अधिक स्पष्ट दिसू लागला, आणि त्या चित्रात मी स्वतः कुठे उभा होतो तेही दिसू लागले.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर घणसोलीच्या अलीकडे उभ्या राहिलेल्या एका नव्या इंग्रजी शाळेच्या कार्यालयात मी कारकून होतो. वडील साताऱ्याकडून येऊन वाशीच्या घाऊक बाजारात माथाडीचे काम करीत. त्यांनी पाठीवर पोती वाहिली, म्हणून मी खुर्चीत बसावे अशी त्यांची इच्छा होती, आणि मी बसलो. सहा महिन्यांचा संगणकाचा वर्ग केला असल्यामुळे शाळेत नवा संगणक आला तेव्हा तो माझ्या टेबलावर ठेवण्यात आला. नोकरी मात्र तात्पुरती होती. दर अकरा महिन्यांनी मुदतवाढीचे एक पत्र मिळे, आणि ते मिळेपर्यंतचे आठ-दहा दिवस मी सर्वांशी जरा जास्तच हळू आवाजात बोलत असे.

राहायला घणसोली गावात होतो. घरमालकांचे मूळ घर कौलारू होते. त्याच्या बाजूला त्यांनी पत्र्याच्या चार खोल्या काढून भाड्याने दिल्या होत्या, त्यांतली एक माझी. त्यांची भातशेती नव्या शहरात गेली होती. मालक तळोज्याच्या एका कारखान्याची बस चालवीत आणि पहाटेच निघून जात. घर चालवीत ती त्यांची पत्नी. ती माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी होती. मी तिला वहिनी म्हणत असे, ती मला भाऊ म्हणे. त्यांना एक मुलगी होती, चार वर्षांची, आणि तिच्या मते मी त्या घरातला सर्वांत अडाणी माणूस होतो. कारण मला खेकडा मागून कसा धरायचा ते येत नव्हते.

एका रविवारी दुपारी तिने मला माळ्यावर नेले. कौलारू घराचा तो माळा पूर्वी भात ठेवण्याचा. आता तिथे रिकाम्या कणग्या, जुनी जाळी आणि धूळ होती. शिडीच्या वरच्या पायरीवर तिने माझ्या तोंडावर हात ठेवला आणि बोट दाखवले.

आढ्याजवळच्या वाशावर एक पक्षी झोपला होता. मी तसा पक्षी कधी पाहिला नव्हता. छाती पांढरी शुभ्र, पाठीवर पिवळसर छटा, आणि तोंड असे की ते पक्ष्याचे वाटेचना.

"सफरचंद कापला ना, का तसा तोंड हाय त्याचा," ती माझ्या कानात म्हणाली.

हे वर्णन मला आजही सुधारता आलेले नाही. आमच्या हालचालीने त्याने डोळे उघडले. ते पूर्ण काळे होते. पिवळे नव्हते, वटारलेले नव्हते, दोन ओल्या बियांसारखे काळे होते.

मी घाबरून खाली उतरलो. आमच्याकडे घुबडाचे नाव तोंडातून निघाले तरी आई बोटे मोडायची. खाली वहिनी तांदूळ निवडत बसली होती. ती हसली.

"भ्यालात काय? अवो, ते आमचे सासऱ्याचे आदीपासून हाय. शेतान उंदीर लय. बांधावर काठी रोवून ठेवायचे त्याला बसाया. भात काय कोन राखत व्हता? तेच राखत व्हता."

"पण आता शेत कुठे आहे?"

"शेत नाय, भात नाय. उंदीर हायत ना! मंग ते पन हाय."

एवढे सगळे मला माहीत होते, मी ते डोळ्यांनी पाहिले होते, हे वाचकाने लक्षात ठेवावे. पुढे मी जे केले ते अज्ञानातून केले नाही.

त्या वर्षी शाळेच्या बालवर्गात जागांपेक्षा दुपटीहून जास्त अर्ज आले. शाळा ज्या जमिनीवर उभी होती ती गावाची. गावातल्या मुलांना प्राधान्य द्यावे अशी मागणी होती, आणि शाळेच्या समितीने ती मान्यही केली होती. फक्त तिच्यापुढे "गुणवत्ता असल्यास" हे दोन शब्द जोडले होते. आता चार वर्षांच्या मुलाची गुणवत्ता कशी मोजायची? मुख्याध्यापिका हुशार होत्या. त्यांना कोणीतरी मुलांसाठी छापण्याच्या चित्रांची एक फ्लॉपी आणून दिली होती. त्यातले एक चित्र सर्व मुलांना रंगवायला द्यायचे, त्याला दहा गुण ठेवायचे आणि त्यावरून यादी लावायची, असे त्यांनी ठरवले.

"घुबड घ्या," त्या म्हणाल्या. "आउल इज वाइज. शाळेला शोभेल."

फ्लॉपीतल्या घुबडाला गोल चष्म्यासारखे डोळे होते आणि ते एका फांदीवर बसले होते. मी ते छापायला दिले. तो टिंबाटिंबांनी छापणारा प्रिंटर होता. एक चित्र काढायला त्याला चहा पिऊन होईल इतका वेळ लागे, आणि सरळ रेघ त्याला जमली तरी गोल जमत नसे. डोळ्यांच्या कडांना पायऱ्या पडल्या. मी त्या काळ्या पेनाने गिरवून गुळगुळीत केल्या आणि झेरॉक्सच्या दुकानातून प्रती काढून आणल्या.

मुख्याध्यापिकांनी एक प्रत स्वतः स्केचपेनांनी रंगवली. हा नमुना. अंग तपकिरी, डोळे पिवळे, चोच नारिंगी. फांदीपर्यंत पोहोचल्या तेव्हा तपकिरी पेन वाळले. त्यांनी ते दोनदा झटकले, टोकाला फुंकर घातली, मग बाजूला ठेवले आणि हाताला लागलेल्या जांभळ्या पेनाने फांदी रंगवून टाकली.

"दुसरे पेन आणवू का?" मी विचारले.

"राहू दे हो. मॉडेल तर आहे नुसतं. आता मार्किंग टाइप करा. अंगाला चार, डोळ्यांना दोन, चोचीला दोन, फांदीला दोन."

"रंग काय काय लिहू?"

"जे दिसतंय तेच."

"फांदीचा?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "मला आता बारा कामं आहेत."

मी टाइप केले : फांदी – जांभळी – दोन गुण. माझ्या बोटांनी. जांभळी फांदी कुठल्याही झाडाला नसते हे म्हणायला लागणारे पाच शब्द माझ्याजवळ होते. पण पत्राचे दिवस जवळ आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळावर बादली भरत होतो. वहिनी कळशी घेऊन आली आणि थांबली. एरवी ती नळावर थांबून बोलणारी नव्हती.

"भाऊ, एक इचारू?"

"विचारा ना."

"पोरीचा फारम भरलाय तुमचे शालंत. तिकडं काय करून घेतात वो? बोलाया लावतात का लिवाया? मना ठावं असलं तर दोन दिस शिकवीन तिला. यांचे बापाला इंग्रजी येत नवता म्हून कागदावर आंगठा घेतला नि जमीन गेली. मी पोरीला तरी वाचता येईल असा करीन म्हनते."

मी बादली खाली ठेवली. आवाज नेहमीसारखा मऊ होता. मला तो अजून ऐकू येतो.

"वहिनी, ते सांगता येत नाही. गोपनीय असते. मी तुमचा भाडेकरू आहे, म्हणून तर मुळीच सांगता येणार नाही. सगळ्या मुलांना सारखी संधी मिळाली पाहिजे."

तिने मान डोलावली. रागावली नाही. उलट म्हणाली, "बरोबर हाय तुमचा. इमानदारीनं ऱ्हावं मानसानं," आणि कळशी उचलून गेली. त्या सबंध दिवशी मी स्वतःवर खूश होतो. इतका खूश, की संध्याकाळी घरी जाताना, आता गावी परतलेल्या वडिलांना पत्र लिहून हे कळवावे असेही मनात आले.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी समितीच्या एका सदस्यांच्या पत्नीचा शाळेत फोन आला. त्यांच्या मुलाचा अर्ज होता. त्या काही मागत नव्हत्या, हे मला प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे.

"अहो, मला ना इतकं टेन्शन आलंय," त्या म्हणाल्या. "हा खडू हातात धरत नाही हो. आमच्या सोसायटीतली सगळी मुलं येणार आहेत, आणि हाच राहिला तर कसं दिसेल? काय काढायला देणार आहात, काही मोठं नाही ना?"

"बाई, मी आणूनच दाखवतो," मी म्हणालो.

मागितलेले नव्हते, मी देऊ केले. त्या शनिवारी दुपारी कोरी प्रत आणि मुख्याध्यापिकांचा रंगीत नमुना पाकिटात घालून मी वाशीला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी मला सरबत दिले. निघताना म्हणाल्या, "तुमचं कायम करण्याचं काय अडलंय? मी यांच्या कानावर घालते हं." सोमवारी सकाळी पाकीट जसेच्या तसे परत आले. मी नमुना कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावले, जणू कुलूप लावल्याने ते गोपनीय झाले.

परीक्षेच्या दिवशी मुले बाकांवर बसली होती. काहींचे पाय जमिनीला पोहोचत नव्हते. पालक मैदानात उन्हात उभे. वहिनी नवी साडी नेसून, पोरीचे केस तेल लावून चापून बसवून, सर्वांच्या मागे कुंपणाजवळ उभी होती. कागद आणि मेणखडूंच्या पेट्या वाटण्याचे काम माझे.

"काका!" तिने मला पाहताच हाक मारली. मी ओठांवर बोट ठेवले. मी तिच्यापुढे कागद ठेवला. तिने चित्राकडे पाहिले आणि तिचा चेहरा असा उजळला की मला नजर वळवावी लागली.

"काका, आपला घुबड!"

"बोलायचे नाही."

सगळी मुले कामाला लागली. मी बाकांमधून फिरत होतो. तिने पेटीतला पांढरा खडू घेतला होता. बारा रंगांच्या पेटीतला पांढरा खडू कोणी वापरत नाही. वर्षाच्या शेवटी तो टोकदारच राहतो. तिने तो घट्ट मुठीत धरला होता, जीभ बाहेर काढली होती, आणि ती घुबडाचे पोट भरत होती. पांढऱ्या कागदावर पांढरा रंग. काहीच उमटत नव्हते, तरी ती दाबून, एकही जागा न सोडता, रेघेच्या आत राहून भरत होती. मग तिने पाठीवर किंचित पिवळा लावला, चोच गुलाबी केली, डोळे पूर्ण काळे. फांदीला तपकिरी रंग देऊन तिच्यावर आडव्या रेघा मारल्या. ती फांदी नव्हतीच. तिच्या माळ्यावरचा वासा होता.

त्या अर्ध्या तासात मला इतकेच म्हणायचे होते : "बाळ, थोडा तपकिरी लाव." तोही अन्यायच झाला असता. पण मी तोही केला नाही.

तपासण्याचे काम माझ्याकडेच आले. "यात काय शिकायचंय, मॉडेल आहे, मार्किंग आहे," असे मुख्याध्यापिकांचे म्हणणे होते. मी कागदांचा गठ्ठा समोर घेऊन बसलो आणि दहाव्या-बाराव्या कागदानंतर पेन खाली ठेवले. जांभळी फांदी. पुन्हा जांभळी फांदी. मी मोजल्या, अकरा होत्या. वाशीच्या त्या घरातून नमुना सोसायटीत फिरला होता, आणि अकरा आयांनी आठवडाभर आपापल्या मुलांच्या मुठी धरून तपकिरी अंग, पिवळे डोळे, नारिंगी चोच, जांभळी फांदी घोटवून घेतली होती. अकरा मुलांना दहापैकी दहा. ज्या मुलांनी फांदी झाडाच्या रंगाची केली, त्यांचे दोन गुण मी कापले. लाल पेनाने कापले. हे लिहितानाही अंगाची आग होते. शाळेत पाऊल टाकण्याआधी मुलाने काय शिकावे, तर आपले डोळे खोटे आहेत आणि कुणाचे वाळलेले पेन खरे! आणि त्या अकरा मुलांचे तरी काय भले केले आम्ही? त्यांनी घुबड पाहिलेच नाही. त्यांनी फक्त उत्तर पाहिले.

मग तिचा कागद आला. अंग : रंगवलेले नाही, शून्य. डोळे : चूक. चोच : चूक. फांदी : चूक. दहापैकी शून्य. सबंध गठ्ठ्यात एकच शून्य होते. मी कागद खिडकीकडे तिरपा धरून पाहिला. उजेडात मेण चमकले. सगळे पोट, छाती, सफरचंदासारखे तोंड, सारे भरलेले होते; त्या गठ्ठ्यातल्या कोणत्याही चित्राहून नीट भरलेले. मी कागद पुन्हा सरळ धरला, चमक गेली, आणि मी शून्याभोवती गोल काढला.

मुख्याध्यापिकांनी यादी पाहिली. जांभळ्या फांद्यांचे कागद त्यांनी एकावर एक ठेवले, हळूहळू चाळले, आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिले. त्यांना कळले, याची मला खात्री आहे. मग त्या अकरा अर्जांवरचे पत्ते त्यांनी वाचले आणि म्हणाल्या, "ब्राइट मुलं आहेत." सही केली. शून्याच्या कागदावर त्या एक क्षणच थांबल्या. "हिला इन्स्ट्रक्शन समजलेली दिसत नाही."

"नाही," मी म्हणालो.

यादी लागली त्या दिवशी वहिनी मुलीला घेऊन कार्यालयात आली. भांडायला नव्हे, विचारायला आली होती, म्हणजे पुढच्या वेळी काय शिकवायचे ते कळेल. मुख्याध्यापिका मला म्हणाल्या, "दाखवा त्यांना पेपर, म्हणजे समाधान होईल." मी कागद काढून टेबलावर ठेवला.

वहिनीने तो हातात घेतला. बराच वेळ पाहिला. मग मुलीकडे वळली. "अगं बाय, यान रंग का नाय भरलास?"

"भरला."

"कुटं भरला? कोरा हाय ना कागद!"

"भरला आये."

"मॅडमसमोर खोटं बोलतेस?" आणि तिने मुलीच्या पाठीत धपाटा घातला. जोराचा नव्हता. पण त्या शांत खोलीत तो सगळ्यांना ऐकू गेला.

मुलगी रडली नाही. तिने टाचा उंचावून कागदावर हात नेला आणि घुबडाच्या पोटावरून बोट फिरवले. "हात लाव ना. हात लाव, गुळगुळीत हाय." ती आईला म्हणाली, मग मुख्याध्यापिकांना म्हणाली, मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "काका, तुमी लावा."

कोणीच हात लावला नाही. माझे टेबल खिडकीपासून दोन पावलांवर होते.

आपल्या लोकांच्या रागाबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे. आपण शाळांवर रागावतो, समित्यांवर रागावतो, आणि ते योग्यच आहे. ज्या जमिनीवर त्या मुलीचा आजा नांगर धरत होता, त्याच जमिनीवर बसून तिला घुबडाचा रंग शिकवणाऱ्या माणसांचा मला आजही तिटकारा आहे. पण त्या खोलीत सत्य माहीत असलेला मोठा माणूस एकच होता, आणि तो पेनाचे टोपण लावत होता. त्या माणसावर जितके रागवावे तितके थोडे. त्याला आरडाओरडा करायचा नव्हता, बंड करायचे नव्हते. एक कागद तिरपा धरायचा होता.

त्याच दिवशी संध्याकाळी दिवेलागणीला मी वहिनीच्या ओसरीवर गेलो आणि सर्व सांगितले. पांढऱ्या मेणाचे, नमुन्याचे, वाशीच्या पाकिटाचे. ती चुलीपुढून उठून आली होती. हाताला पीठ तसेच होते. तिने मध्ये एकदाही मला अडवले नाही. मला वाटले होते ती आधी जागेबद्दल बोलेल.

"मी पोरीला मारला, तवा तुमी तितंच होते."

"होतो."

"बगत होते."

"हो."

"आनि नळावर मना इमानदारी शिकवली, ती?"

मी ओसरीची एक पायरी खाली उतरलो.

"तवा मना वाटला, बरा मानूस ठेवलाय खोलीत. मी शेजारनीला सांगितला वो! ती हसंल आता मना." तिने हातांवरचे पीठ चोळून काढले. "उद्या चला माझेसंगती. त्या बाईपुढं बोला, सगळा बोला."

मी दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर गेलो. कागद खिडकीशी नेला, तिरपा धरला आणि म्हणालो, "मॅडम, रंग आहे. पांढरा आहे. माझ्याकडून तपासण्यात चूक झाली."

मुख्याध्यापिकांनी पाहिले. "असेल," त्या म्हणाल्या. "पण मॉडेलमध्ये ब्राउन आहे. मग सगळ्यांचेच पेपर पुन्हा काढावे लागतील. लिस्ट लागलीय."

"घुबड पांढरा असतंय," वहिनी म्हणाली. "आमचे घरान हाय. चला दाकवते, शिडीला चार पायऱ्या हायत, पडनार नाय तुमी."

"बाई, प्रश्न तो नाही."

"मंग कंचा? जांभळी फांदी कंच्या झाडाला बगितली तुमी? मना पन दाकवा, मी कलम आनून लावते दारात."

मुख्याध्यापिकांचा चेहरा बदलला. फांदीची गोष्ट बाहेर कशी गेली, हे त्यांनी विचारले नाही. त्या फक्त माझ्याकडे पाहू लागल्या. वहिनीही माझ्याकडे पाहू लागली. "बाकीचा हे सांगतील," ती म्हणाली.

ती वेळ पुन्हा आली होती. बहुतेकांना ती दुसऱ्यांदा मिळत नाही, मला मिळाली होती. नमुना मी फोडला, यादी रद्द करा, एवढेच सांगायचे होते. माझी नोकरी गेली असती, आणि एका मुलीला कदाचित तिच्या आजाच्या शेतात बाक मिळाला असता.

मी म्हणालो, "पुढच्या वर्षी विशेष बाब म्हणून विचार करता येईल का, मॅडम?"

वहिनीने टेबलावरून कागद उचलला, घडी न घालता हातात धरला आणि ती बाहेर पडली. मी मागे गेलो नाही. कार्यालयाचे काम सुरू झाले होते.

जूनमध्ये मला कायम केल्याचे पत्र मिळाले. त्याच आठवड्यात मी सामान बांधले. दुसरीकडे खोली बघितली होती, म्हणून चावी द्यायला मी ओसरीवर गेलो. वहिनी वाळत घातलेले कपडे काढत होती. तिने चावीकडे पाहिलेही नाही.

"कुटं चाल्लात?"

"वहिनी, इथे राहणे मला बरे दिसत नाही."

"तुमाला बरा दिसावा म्हून खोली बांधली काय आमी?" तिने एक कपडा झटकला. "जायाचा नाय. पळून गेलात का विसरून जाल. इतंच ऱ्हावा. सकाळी उठून दार उघडलात का समोर आमचा दार. बगा रोज."

मी बांधलेले सामान पुन्हा सोडले. त्यानंतर तीन वर्षे त्या खोलीत राहिलो. तिने भाडे वाढवले नाही, पाणी तोडले नाही, सणाला ताट पाठवायचेही चुकवले नाही. मात्र त्यानंतर तिने मला भाऊ म्हटले नाही.

मुलगी गावातल्या मराठी शाळेत जाऊ लागली. ती शाळा चांगली होती की वाईट, हे मला सांगता येणार नाही. तिथे पाऊल टाकण्याआधीच तिला कोणी शून्य दिले नाही, एवढे नक्की. सकाळी मी दाराशी बूट घालत असे, तेव्हा ती निळ्या झग्यात, पाठीवर दप्तर घेऊन निघे. तिची शाळा डावीकडे होती आणि माझी उजवीकडे. तिला यातले काही सांगितलेले नसेल, किंवा सांगितले असेल आणि तिने मनावर घेतले नसेल.

"येते हां काका," ती म्हणे.

"ये," मी म्हणे, आणि ती गल्लीच्या वळणापलीकडे जाईपर्यंत मला उठता येत नसे.